बाळ उशिरा बोलते, तेव्हा दोष घरातल्या दोन भाषांचा नसतो

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील घरांत एक प्रसंग वरचेवर घडतो. मूल अडीच वर्षांचे झालेले असते. ते हसते, खेळते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते. पण बोलत नाही. आई काळजीत पडते आणि सल्ले सुरू होतात. ‘‘त्याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, काही होत नाही,’’ असे कोणी सांगते. कोणी म्हणते, ‘‘घरात कोकणी, अंगणवाडीत मराठी आणि मोबाईलवर इंग्रजी. पोर गोंधळणार नाही तर काय?’’ मग घरात एकच भाषा बोलायचे ठरते. पुढे शाळेत उपयोगी पडेल म्हणून ती बहुधा इंग्रजी असते. जिला इंग्रजी येत नाही ती आजी नातवाशी बोलताना अडखळू लागते आणि हळूहळू गप्प होते. वर्ष निघून जाते, मूल तरीही बोलत नाही.

या वर्षभरात दोन चुका झालेल्या असतात. मुलाशी सर्वाधिक बोलणारे माणूस गप्प केले गेले, ही पहिली. मुलाला नीट ऐकू येते की नाही, हे कोणी तपासले नाही, ही दुसरी. भाषा आणि मुलांचा मेंदू यांविषयी गेल्या तीन-चार दशकांत जे संशोधन झाले, ते या दोन्ही चुकांविषयी बरेच काही सांगते. त्यातील काही प्रयोग आपल्या परिचयाच्या भाषांवर आणि आपल्याच देवनागरी लिपीवर झालेले आहेत. त्यामुळे ते समजून घेणे येथील पालकांच्या आणि शिक्षकांच्या थेट उपयोगाचे आहे.

मेंदूत डोकावण्याची साधने

मेंदूत भाषेचे काम कोठे चालते, हे पूर्वी माणसाच्या मृत्यूनंतरच पाहता येत असे. १८६१ मध्ये पॅरिसमधील शल्यवैद्य पॉल ब्रोका यांनी अशाच एका रुग्णाच्या मेंदूची तपासणी केली. हा रुग्ण अनेक वर्षे ‘तान’ या एका अक्षराखेरीज जवळजवळ काहीच उच्चारू शकत नसे. इतरांचे बोलणे मात्र त्याला बऱ्याच अंशी कळत असे. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा आढळली. पुढे १८७४ मध्ये जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी बोलणे समजण्याशी निगडित असा दुसरा भाग दाखवून दिला.

जिवंत, निरोगी माणसाचा मेंदू काम करताना पाहण्याची सोय झाली ती १९९० नंतर. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी त्या वर्षी दाखवून दिले, की ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्यामुळे एमआरआय यंत्राला हा फरक टिपता येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, त्याच्याकडे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो. ही वाढ मोजून जी चित्रे तयार होतात, त्या पद्धतीला कार्यात्मक एमआरआय म्हणतात. यात क्ष-किरणांसारखे किरणोत्सर्ग नसतात. मात्र यंत्राचा आवाज मोठा असतो आणि आत निश्चल पडून राहावे लागते. दोन वर्षांच्या मुलाकडून ही अपेक्षा कशी करावी? म्हणून लहान बाळांची चित्रे बहुधा ती झोपलेली असताना घेतली जातात.

याखेरीज दोन सोपी साधने आहेत. डोक्यावर संवेदक लावून मेंदूतील विद्युतलहरी टिपणारे ईईजी, आणि टोपीतून निरुपद्रवी अवरक्त प्रकाश सोडून रक्तातील ऑक्सिजन मोजणारी पद्धत. ही टोपी घालून मूल आईच्या मांडीवर बसू शकते आणि तिचे यंत्र गावापर्यंत नेता येते.

बोलण्याआधी ऐकणे

मूल पहिला शब्द उच्चारते तेव्हा त्याच्या मेंदूचे भाषाशिक्षण सुरू होऊन कित्येक महिने झालेले असतात. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो, आणि जन्मानंतर ते तो ओळखते. २००२ मध्ये फ्रान्समधील जिस्लेन देहान-लाम्बेर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे तीन महिन्यांच्या बाळांना बोलण्याचा आवाज ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. मोठ्या माणसांत जो डावा भाग बोलणे ऐकताना कामाला लागतो, तेथेच या बाळांच्या मेंदूतही हालचाल दिसली. एक शब्दही न बोलणाऱ्या बाळाचा मेंदू भाषेच्या कामाला लागलेला होता.

याहून बोलका प्रयोग त्याआधीचा, १९८४ चा आहे. त्यात चित्रे नव्हती; बाळाचे वागणे पाहिले गेले होते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील दंत्य ‘त’ आणि मूर्धन्य ‘ट’ यांची जोडी ऐकवली. इंग्रजीत हा भेद नाही आणि इंग्रजी भाषक प्रौढांना तो ऐकून ओळखणे अवघड जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो सहज कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ही क्षमता बरीच ओसरलेली आढळली. म्हणजेच वर्षभराच्या आत मेंदू कानावर पडणाऱ्या भाषेसाठी स्वतःला घडवतो आणि जे ध्वनी ऐकू येत नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. आपल्या ‘ताट’ या साध्या शब्दातील दोन व्यंजने वेगळी ऐकणे आपल्याला सोपे वाटते, ते याच वर्षाचे देणे आहे.

मग ज्या बाळाच्या कानावर काहीच पडत नाही, त्याचे काय होते? अमेरिकेतील संशोधिका अनु शर्मा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जन्मतः बहिऱ्या असलेल्या आणि कॉक्लियर इम्प्लांट बसवलेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा विद्युतप्रतिसाद मोजला. साडेतीन वर्षांच्या आत ज्यांना हे उपकरण मिळाले, त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद काही महिन्यांतच समवयस्कांसारखा होऊ लागला. सात वर्षांनंतर ज्यांना मिळाले, त्यांच्यापैकी बहुतेकांत तो तसा झाला नाही. ‘थांबा, आपोआप बोलेल’ हा सल्ला ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याला किती महाग पडू शकतो, हे यावरून ध्यानात यावे. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, असा दंडक तज्ज्ञांनी घालून दिलेला आहे.

शब्दांच्या संख्येपेक्षा संवाद मोठा

ऐकू येणाऱ्या मुलाच्या बाबतीतही कानावर नुसते शब्द पडणे पुरेसे नसते. अमेरिकेतील रेचल रोमियो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांच्या घरातील बोलणे दोन दिवस ध्वनिमुद्रित करण्यात आले. नंतर त्यांना गोष्टी ऐकवून मेंदूची चित्रे घेण्यात आली. ज्या घरांत मोठे माणूस बोलले, मुलाने उत्तर दिले, पुन्हा मोठ्याने त्यावर काही विचारले, अशी देवाणघेवाण अधिक होती, त्या मुलांच्या मेंदूतील ब्रोका यांच्या नावाने ओळखला जाणारा भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय होता. घरची आर्थिक स्थिती आणि कानावर पडलेल्या शब्दांची एकूण संख्या लक्षात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला.

मोबाईलवरची बालगीते या देवाणघेवाणीची जागा घेऊ शकत नाहीत. २००३ मध्ये पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. एका गटाशी चिनी बोलणारी माणसे समोर बसून बारा सत्रांत खेळली, बोलली. दुसऱ्या गटाला तेच पडद्यावर दाखवण्यात आले. पहिल्या गटातील बाळे चिनी ध्वनींतील भेद ओळखू लागली. पडद्यासमोरची बाळे मात्र काहीच शिकली नाहीत. केंब्रिज विद्यापीठातील उषा गोस्वामी यांच्या गटाने तर बाळाचा मेंदू बालगीतांची लय कशी पकडतो, याचा ईईजीच्या साहाय्याने मागोवा घेतला आहे. अंगाई म्हणणारी, मांडीवर घेऊन बडबडगीत गाणारी, बाळाच्या हुंकाराला ‘हो का?’ म्हणून दाद देणारी आजी कोणत्याही उपकरणाने न होणारे काम करीत असते. तिला कोणती भाषा येते हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

याला जोडून एक कठोर वास्तवही सांगायला हवे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर प्रदेशातील शिवगड या ग्रामीण भागात प्रकाशटोपीचे यंत्र नेऊन चार महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांची तपासणी झाली. हा अभ्यास भाषेचा नव्हता, डोळ्यांनी पाहिलेले क्षणभर ध्यानात ठेवण्याच्या शक्तीचा होता. ज्या घरांत उत्पन्न आणि आईचे शिक्षण कमी होते, तेथील मुलांच्या मेंदूचा प्रतिसाद क्षीण आढळला. मुलाचा मेंदू घडतो तो घराच्या परिस्थितीसह. त्यामुळे ‘मुलांशी बोला’ हा उपदेश करताना, दिवसभर मजुरी करून थकलेल्या आईला त्यासाठी वेळ आणि अंगणवाडीचा आधार मिळतो का, हेही विचारले पाहिजे.

दोन भाषा, एक मेंदू

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादीतील तालुके. तेरेखोल नदीपलीकडे आणि दोडामार्गच्या बाजूला सिंधुदुर्ग. घरात कोकणी किंवा तिची गावची बोली, सावंतवाडी-दोडामार्गकडून आलेल्या सुनेच्या तोंडी मालवणी, शाळेत, कीर्तनात आणि दशावतारात मराठी, बाजारात हिंदी आणि मोबाईलवर इंग्रजी, असे भाषांचे शेजार येथे नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्यातच बोलायला शिकली. आता कामानिमित्त परराज्यांतून आलेल्या कुटुंबांमुळे वर्गात कन्नडसारख्या भाषांचीही भर पडली आहे.

मेंदूला हे ओझे होते का? अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये अकरा महिन्यांच्या बाळांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ इंग्रजी ऐकणाऱ्या बाळांचा मेंदू इंग्रजी ध्वनींना प्रतिसाद देत होता. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही ऐकणाऱ्या बाळांचा मेंदू दोन्ही भाषांच्या ध्वनींना प्रतिसाद देत होता. शिवाय लक्ष देण्याशी आणि एका कामातून दुसऱ्यात जाण्याशी निगडित असलेल्या पुढच्या भागात त्यांचा प्रतिसाद अधिक ठळक होता.

मग दोन भाषांतील मुले मागे पडल्यासारखी का वाटतात? याचे एक कारण आपल्या मोजण्यात आहे. मूल घरी कोकणीत ‘उदक’ म्हणते, अंगणवाडीत ‘पाणी’ म्हणते. मराठी शब्दांची यादी घेऊन बसलेला माणूस ‘उदक’ मोजत नाही. मुलाचे सर्व भाषांतील शब्द एकत्र मोजले, तर ते एकभाषक मुलाच्या बरोबरीचे असू शकते. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे हीसुद्धा विकृती नव्हे. मोठी माणसे तेच करतात. मात्र मुलाच्या सर्व भाषा मिळूनही शब्द फारच कमी असतील, तर कारण भाषांच्या संख्येत शोधत बसू नये. ते कानात, मेंदूच्या विकासात किंवा अन्यत्र असू शकते.

देवनागरी वाचणारा मेंदू

बोलणे मूल आपोआप शिकते, वाचणे शिकवावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवण्यात आले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्यात आली. अक्षरे शिकल्याने मेंदूच्या पृष्ठभागाखालील खोलवरच्या, डोळ्यांकडून आलेली माहिती पुढे पाठवणाऱ्या भागांचे दृश्यकेंद्रांशी चालणारे काम बदललेले दिसले. तिशीतल्या माणसाचा मेंदूही अक्षरओळखीने बदलू शकतो, ही यातली आश्वासक बाब.

हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने हिंदी आणि इंग्रजी वाचणाऱ्यांचा अभ्यास केला. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते सरळ आहे, इंग्रजीत ते वाकडेतिकडे आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, लहानपणी दोन्ही लिप्या बरोबरीने शिकलेले वाचक या दोन वाचनांसाठी मेंदूतील वेगवेगळ्या मार्गांवर भर देत होते. देवनागरीची स्वतःची एक अडचणही आहे. ‘कि’ या अक्षरात वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. नव्याने वाचू लागलेले मूल येथे अडखळले, तर त्यात नवल नाही.

याच केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा वाचनदोष ओळखणाऱ्या चाचण्यांचा संच सिद्ध केला. तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. मराठी शाळेतील मुलाची परीक्षा इंग्रजी चाचणीने घेतली, तर त्याला वाचनदोष आहे की केवळ इंग्रजी येत नाही, हे कळणार कसे? म्हणून मूल ज्या भाषेत शिकते, त्या भाषेतच ही तपासणी व्हायला हवी.

उत्तर गोव्यातील मुले

हे सारे दूरच्या प्रयोगशाळांपुरते नाही. २०११-१२ मध्ये देशातील पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांचे घरोघरी जाऊन सर्वेक्षण झाले. कांगडा, पलवल, ढेंकानाल आणि हैदराबाद यांच्याबरोबर उत्तर गोवा हे त्यातील एक ठिकाण होते. २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या ३,९६४ मुलांपैकी ४७५ मुलांत, म्हणजे सुमारे १२ टक्क्यांत, मेंदूच्या विकासाशी वा इंद्रियांशी निगडित किमान एक दोष आढळला. त्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या मुलांत एकाहून अधिक दोष होते. पाचही ठिकाणांचा एकत्रित विचार करता वारंवार आढळलेल्या दोषांत श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, वाचा-भाषेचे दोष, अपस्मार आणि अध्ययनदोष यांचा समावेश होता. जन्मावेळी बाळ गुदमरणे, कमी वजन, मुदतपूर्व जन्म आणि कुपोषणामुळे खुंटलेली वाढ यांचा या दोषांशी संबंध दिसला. यांतील अनेक गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषांची संख्या या कारणांच्या यादीत नाही.

चित्रांच्या मर्यादा

मेंदूची रंगीत चित्रे पाहून माणूस चटकन भारावून जातो. म्हणून त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ही चित्रे बहुधा अनेक मुलांची सरासरी दाखवतात. त्यावरून एका मुलाचे भविष्य वाचता येत नाही. यांतील कित्येक अभ्यास मोजक्या मुलांवर झालेले आहेत. उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला एमआरआयची गरज नसते. झटके येणे, शिकलेले विसरणे अशी लक्षणे असतील, तर डॉक्टर तो सुचवतात. ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’सारख्या नावांनी मेंदू तल्लख करण्याची हमी देणारे वर्ग देशभर चालले. त्यांना शास्त्रीय आधार नाही. त्यात पैसे घालण्याआधी पालकांनी दहादा विचार करावा.

गोव्यातील माध्यमाचा वादही या चित्रांनी सुटणारा नाही. १९९० मध्ये प्रादेशिक भाषांतील प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले, २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, आणि त्यावरून समाज ढवळून निघाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेत शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. यात संस्कृती, रोजगार आणि न्याय यांचे प्रश्न गुंतलेले आहेत. त्यांचा निवाडा समाजानेच करायचा आहे. मेंदूविषयीचे संशोधन एवढेच सांगू शकते, की मुलाशी मनापासून आणि सहजपणे बोलता येते ती घरची भाषा बंद करून काही साधत नाही.

पालकांनी काय पाहावे?

नवजात बाळ मोठ्या आवाजाने दचकते का? सहा महिन्यांच्या सुमारास आवाजाच्या दिशेने मान वळवते का? नऊ-दहा महिन्यांत ‘बाबाबा’, ‘मामामा’ असे आवाज काढते का? वर्षाचे होताना नावाने हाक मारल्यावर पाहते का? दीड वर्षापर्यंत काही शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे आले का? शब्द मोजताना घरातील सर्व भाषांतील मोजावेत. यांपैकी काही राहून गेले, तर ‘तीन वर्षांपर्यंत पाहू’ असे म्हणू नये. मूल हाकेला प्रतिसाद देत नाही आणि नजरेला नजरही देत नाही, तर स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी हवी. येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांना दाखवावे.

पहिली तपासणी कानांची. बाळ झोपलेले असताना ती होते आणि तिने त्याला दुखत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी होणे अपेक्षित आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला अवश्य पाठवावे आणि ‘बोलत नाही’ हे स्वतःहून सांगावे. आरोग्य केंद्रातून पुढील तपासणीसाठी चिठ्ठी मागावी. बांबोळीच्या गोमेकॉत बालरोग आणि कान-नाक-घसा असे दोन्ही विभाग आहेत. पेडण्याच्या टोकाच्या गावातून तेथे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. तरीही बाळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यासाठी दिलेला एक दिवस पुढची कित्येक वर्षे वाचवू शकतो.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत आणि त्यानंतरही घरात एक गोष्ट करता येते. आजीला तिच्या भाषेत नातवाशी बोलू द्यावे आणि त्याच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर मिळेल असे पाहावे.